कासमभाईंची मिनिटं

कासमभाई मुकादम कुठल्याही नव्या खोलीत शिरले की आधी दाराकडे बघायचे. दार आत उघडतं की बाहेर, त्यातून खाट सरळ निघेल का, कडी वरची की खालची. मग भिंतीवरचे प्लग बघायचे. आणि हे झालं की यजमानाला विचारायचे, "इथनं मोठा दवाखाना किती?" कोणी म्हणालं, "असेल दोन-अडीच मैल," तर ते मान हलवायचे.

"मैल नको. मिनिटं सांगा."

माझ्याशी त्यांचं पहिलं बोलणं झालं ते हेच. मी तेव्हा रत्नागिरीतल्या एका कॉलेजात मराठी शिकवायला नुकताच लागलो होतो. राहायला खोली मिळते म्हणून मुलांच्या वसतिगृहाचा सहायक रेक्टर झालो होतो. वसतिगृह गावाबाहेर, उघड्या कातळावर. पावसाळ्यात चार महिने हिरवं, एरवी काळं आणि तापलेलं. कोकण रेल्वे अजून फक्त भाषणांत होती. दिवसातून मोजक्या एसट्या यायच्या आणि रिक्षा हवी तर मारुती मंदिरापर्यंत चालत जावं लागायचं. माझ्या खोलीतलं विजेचं बटण जळलं म्हणून फिजिक्सच्या प्रयोगशाळेतले कासमभाई दुरुस्तीला आले होते. बटणाआधी त्यांनी मला मिनिटं विचारली. मला सांगता आली नाहीत. मी हसलो. ते हसले नाहीत.

माणूस पंचेचाळिशीचा, काटक, उन्हाने रापलेला. राहायला राजिवड्यात, खाडीलगत. वडील मचव्याचे तांडेल होते, भाऊ बोटीवर होते, पण कासमभाईंना पाणी मानवलं नाही. ते कुवेतला गेले आणि तिथल्या एका मोठ्या इस्पितळात बारा वर्षं यंत्रांची देखभाल करत राहिले. आईला अर्धांगवायू झाला तेव्हा परतले. आखातातून येणारी माणसं टेपरेकॉर्डर, कंबल, अत्तरं आणायची. कासमभाईंनी मोठ्या सेकंदकाट्याचं एक मनगटी घड्याळ आणलं आणि यंत्रांच्या माहितीपुस्तकांनी भरलेल्या दोन ट्रंका. मोहल्ल्यातल्या बायकांनी त्यांच्या बायकोची बरीच कीव केली.

प्रयोगशाळेतल्या प्रत्येक उपकरणावर त्यांची चिठ्ठी असायची, शेवटचं कधी तपासलं त्याची. एकदा विद्यापीठाची समिती यायची होती. एक जुना मीटर कायमचा बंद पडलेला होता, त्यावर कासमभाईंनी 'बंद आहे' अशी चिठ्ठी लावली. प्राचार्य म्हणाले, "मुकादम, दोन दिवसांपुरती काढा की ती."

"काढतो साहेब," कासमभाई म्हणाले. "पण मग मीटरपण काढून ठेवतो. बंद आहे ते बंद आहे म्हणून कळायला पायजे. नायतर वेळेला कोणीतरी त्याच्यावर भरोसा ठेवील."

मीटर कपाटात गेला. त्या जागी समितीला फुलदाणी दिसली.

या सगळ्याकडे आम्ही एका नेटक्या माणसाच्या सवयी म्हणून बघत होतो. जानेवारीतल्या एका संध्याकाळपर्यंत.

ऊन अजून होतं. मैदानावर व्हॉलीबॉल चालला होता. सुधीर गुरव नावाचा दुसऱ्या वर्षाचा मुलगा, लांज्याच्या पुढच्या एका वाडीतला, सर्व्हिस करायला मागे गेला. त्याने चेंडू वर उडवला आणि चेंडूच्या आधी तोच खाली आला. पाय घसरला असं वाटून मुलं हसली. मग कोणी म्हणालं, फिट आली. कोणी कांदा आणायला पळालं, कोणी चप्पल त्याच्या नाकाला लावली. मी पाण्याचा तांब्या घेऊन धावलो. सुधीर मधूनच घोरल्यासारखा मोठा आवाज करत होता.

"श्वास चालू आहे," मी म्हणालो. "गर्दी करू नका."

हे वाक्य माझं होतं.

कासमभाई प्रयोगशाळा बंद करून एसटी पकडायला निघाले होते. ते कुठून आले कळलं नाही. पिशवी फेकून ते गुडघ्यांवर बसले, सुधीरच्या गळ्याला दोन बोटं लावली, आणि दोन्ही हात एकावर एक ठेवून त्याची छाती जोरात दाबायला लागले. असं काही आमच्यापैकी कोणी पाहिलं नव्हतं. सुधीरचं अंग जमिनीवर हिसकत होतं. एक बरगडी मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. मेसचा आचारी ओरडला, "अहो, मारताय काय पोराला!" दोन मुलांनी कासमभाईंचे खांदे मागे खेचले. आणि मी त्यांचं मनगट धरलं.

"सर, सोडा. त्याचं हृदय चालत नाय."

"कासमभाई, श्वास चालू आहे त्याचा."

"तो श्वास नाय, सर, नुसती घरघर आहे. सोडा."

त्यांनी हात सोडवून घेतला, पण त्यात वेळ गेला. किती गेला ते त्यांच्या घड्याळाला माहीत. वसतिगृहातला एकच फोन रेक्टरांच्या खोलीत होता, खोलीला कुलूप होतं, आणि रेक्टर किल्ली घेऊन बाजारात गेले होते. एक मुलगा सायकलवरून गावात गेला. बांधकाम खात्याची जीप मिळाली. ती येईपर्यंत आणि नंतर जीपच्या मागच्या फळीवरही कासमभाई छाती दाबत होते. त्यांच्या कोपरांवरून घाम गळत होता. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं आणि चादर वर ओढली.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी चौकशी केली. उपचाराला कोणी अडथळा केला का, असं त्यांनी कासमभाईंना विचारलं. मी तिथेच उभा होतो.

"गर्दी होती, साहेब," कासमभाई म्हणाले.

चार दिवसांनी सुधीरचे वडील मुलाची ट्रंक न्यायला आले. काटकुळे, पांढऱ्या टोपीतले, पायात टायरच्या चपला. जो भेटला त्याने त्यांना हेच सांगितलं की देवाची इच्छा, त्याचं तेवढंच होतं. ते मान हलवत राहिले. मग त्यांनी विचारलं, "त्या दिवशी एक मुसलमान मानूस होता म्हणतात. तो खंय भेटेल?"

कासमभाई आले. त्यांनी गुरवांना ट्रंकेवर बसवलं आणि स्वतः समोर फरशीवर बसले. सगळं सांगितलं. हृदय पुष्कळदा एकदम थांबत नाही, आधी नुसतंच थरथरतं, टोपलीतली कोळंबी तडफडते तसं. त्यातून रक्त पुढे जात नाही. विजेचा एक मोजका धक्का छातीला दिला की ती थरथर थांबते, आणि मग हृदय कधी कधी आपलं आपण ठेक्यावर येतं. तो धक्का देणारं यंत्र असतं. ते तिथे नव्हतं. ते येईपर्यंत छाती दाबत राहायचं असतं. ते उशिरा सुरू झालं.

"म्हंजे वाचला असता काय?"

मला वाटलं, आता तरी हा माणूस नाही म्हणेल. बापाला निदान तेवढं तरी घेऊन घरी जाऊ देईल.

"नक्की नाय सांगता येत," कासमभाई म्हणाले. "पण त्याला एक संधी होती. ती आम्ही त्याला दिली नाय."

गुरव बराच वेळ ट्रंकेच्या कडीवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "खरां सांगितलंस, बरां केलंस. सगळे माला नशीब सांगतात." उठताना त्यांनी विचारलं, "मंग आता तू काय करनार?"

कासमभाईंनी ट्रंकेची एक बाजू उचलली आणि एसटीपर्यंत पोचवली.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी ते माझ्या खोलीत फुलस्केप कागद घेऊन आले. त्यांचं शिक्षण उर्दू शाळेतलं, देवनागरी लिहिताना हात अडायचा. "सर, मी सांगतो, तुमी लिहा." वसतिगृहासाठी हृदयाला धक्का देणारं एक यंत्र घ्यावं, असा तो अर्ज होता. मी माझ्या सवयीने तीन ठिकाणी नम्र विनंती घातली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "विनंती एकदा पुरे. मिनिटं दोनदा लिहा."

वसतिगृह समितीचे अध्यक्ष बापूसाहेब कापडाचे व्यापारी होते. वाईट माणूस नव्हे. गरीब मुलांच्या मेसचं बिल ते गुपचूप भरायचे. पण हा अर्ज वाचून त्यांनी चष्मा काढला. "मुकादम, हे वसतिगृह आहे की इस्पितळ? वीस वर्षांची पोरं ही. ह्यांना कशाला हृदयाचं मशीन? उद्या मस्करीत एकमेकांना शॉक देतील."

"सुधीरपण वीसचाच होता साहेब."

"ते लाखात एक."

"एक तर होता," कासमभाई म्हणाले.

अर्ज 'विचारार्थ' ठेवला गेला. मग कासमभाईंनी माणूस मैदानावरून दवाखान्यात पोचायला लागणारी मिनिटं मोजायला घेतली. एका रविवारी सकाळी त्यांनी मेसचं एक जुनं दार खाली काढलं, स्वतः त्यावर आडवे झाले आणि चार मुलांना ते उचलून मैदानावरून डांबरी रस्त्यापर्यंत न्यायला सांगितलं. घड्याळ माझ्या हातात होतं. नेमके त्याच वेळी बापूसाहेब स्कूटरवरून चालले होते. दारावर आडवा माणूस, खांदा देणारी चार मुलं, मागून मी खाली मान घालून घड्याळ बघत चाललेलो. बापूसाहेबांनी स्कूटर थांबवली, टोपी काढली आणि हात जोडून उभे राहिले. आम्ही त्यांच्याशेजारी पोचलो तेव्हा दारावरून कासमभाईंनी डोकं वर केलं.

"किती झाली, सर?"

बापूसाहेबांच्या हातातून टोपी पडली. पण पुढे तेच म्हणाले की, त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना तो रस्ता लांब वाटला.

दुसऱ्या वर्षी जूनमध्ये अर्ज पुन्हा गेला. या वेळी समितीने गावातल्या एका डॉक्टरांना मत द्यायला बोलावलं. सुधीरचे वडील न बोलावता आले आणि बाहेर बाकावर बसून राहिले. डॉक्टर तरुण होते, स्पष्ट बोलणारे. ते म्हणाले, "यंत्र उत्तम आहे. पण हे चालवायला पडद्यावरची हृदयाची रेघ वाचता यायला हवी. नुसती भोवळ आलेल्या मुलाच्या चालत्या हृदयाला धक्का दिला तर जिवंत पोर मरेल. आणि हॉस्टेलात ती रेघ वाचणार कोण?"

सगळ्यांनी कासमभाईंकडे बघितलं. ते उभे राहिले.

"डॉक्टरसाहेब बरोबर बोलतात."

अर्ज मी लिहिला होता. मला त्यांचा राग आला. दीड वर्षाची धडपड हा माणूस एका वाक्यात घालवून बसला, असं वाटलं. पण ते पुढे बोलत होते. "म्हणून मी म्हणतो, डॉक्टर जवळ राहायला द्या. मागच्या क्वार्टरची एक खोली रिकामी आहे. ते जमत नसेल तर आम्हाला ती रेघ वाचायला शिकवा. परदेशात आता अशी मशीनं निघालीत, ती स्वतः हृदय बघतात, गरज असली तरच धक्का देतात. मी मासिकात वाचलंय. ती आपल्याकडे येतील तेव्हा येतील. तोवर पोरांच्या हातांना तरी शिकवू द्या."

"मशीन स्वतः ठरवणार?" बापूसाहेब हसले. समिती हसली. डॉक्टर हसले नाहीत. ते म्हणाले, "हातांचं शिकवायला मी येईन. शनिवारी."

बाहेर पडल्यावर गुरवांनी विचारलं, "दिलांनी काय मशीन?"

"नाय दिलं. फोन व्हरांड्यात आणणार, कुलूप नाय लावणार. एक स्ट्रेचर देणार. आणि शनिवारचा वर्ग."

"मंग अर्ज मागं घेतलास?"

"अर्ज कशाला मागे घेऊ? तो राहू दे."

त्यानंतर दर शनिवारी दुपारी मैदानाच्या कडेला वर्ग भरायला लागला. डॉक्टर महिन्या-दोन महिन्यांनी येत, एरवी कासमभाईच असत. त्यांनी गोणपाटाचा एक माणूस शिवला होता. पोटात ट्रकच्या ट्यूबचे तुकडे, छातीत एक स्प्रिंग. पुरेसं खोल दाबलं की आतून 'टक' असा आवाज यायचा. मुलांनी त्याचं नाव गोण्या ठेवलं. कासमभाईंना मुलं चाचा म्हणायला लागली. वर्गात ते कोणाला शाबासकी देत नसत. कोणाचं कोपर वाकलं की नुसतं बोटाने सरळ करायचे. पुढे मुलीही वर्गाला यायला लागल्या, तेव्हा त्यांच्या वसतिगृहाच्या बाईंनी विचारलं, तोंडाने श्वास देण्याचं काय करायचं, घरचे काय म्हणतील. कासमभाई म्हणाले, "रुमाल ठेवा मधे. आणि घरच्यांना सांगा, ज्याला द्यायचा तो त्या वेळी बाई नाय, बाप्या नाय."

तिसऱ्या वर्षी भाट्याच्या किनाऱ्यावर पहिल्या वर्षाचा एक मुलगा बुडाला. सोबतच्या तिघांनी त्याला बाहेर ओढलं. तो निळा पडला होता. तिघांनीही शनिवारचा वर्ग केलेला. एकाने श्वास दिले, एकाने छाती दाबली, तिसरा गाडी थांबवायला रस्त्यावर धावला. मुलगा वाचला.

कॉलेजने सत्कार ठरवला. सभागृह भरलं. बापूसाहेबांनी हार उचलला तेव्हा कासमभाई एक पाऊल मागे झाले आणि ध्वनिक्षेपकाकडे वळले. "हा हार त्या तिघांना घाला. आणि एक सांगतो, गैरसमज नको. बुडालेला पोरगा श्वासाने परत येतो. सुधीर नुसत्या हातांनी आला नसता. त्याला मशीनच लागलं असतं. आज पोरगा वाचला म्हणून मशीन नको, असं कोणी म्हणू नका."

पहिल्या रांगेतले काही जण नाराज झाले. चहाच्या वेळी कोणी त्यांच्याजवळ फारसं गेलं नाही.

त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर चालत निघालो. कातळावर वारा होता. तीन वर्षं जे बोललो नव्हतो ते मी बोललो. म्हटलं, "कासमभाई, त्या दिवशी तुमचं मनगट कोणी धरलं होतं, तुम्हाला माहीत नसेल..."

"डावं," ते म्हणाले. "तुमीच धरलेलंत."

मी थांबलो. ते चार पावलं पुढे जाऊन थांबले.

"मग तुम्ही बोलला का नाहीत? प्राचार्यांनी विचारलं तेव्हा?"

"बोलून सुधीर येणार होता काय? तुमची नोकरी गेली असती. दुसरा कोणी आला असता, त्याला काय माहीत नसतं." मग सावकाश म्हणाले, "तुमी परत कोणाचा हात धरणार नाय, एवढं मला ठाऊक होतं. असा माणूस अर्ज लिहायला बरा."

माझी माफी मागायची राहून गेली. ती त्यांनी मागूच दिली नाही, असंही म्हणता येईल. त्यानंतरचे अर्ज मी अधिक चांगले लिहिले, एवढंच.

यंत्र त्यांच्या कारकिर्दीत आलं नाही. बायकोला मुंबईच्या दवाखान्यात कायमचे उपचार लागायला लागले तसा त्यांनी राजीनामा दिला आणि ते मुलाकडे राहायला गेले. तिथून तीन-चार पत्रं आली, कोणाकडून तरी लिहवून घेतलेली. प्रत्येकात शेवटी अर्जाची चौकशी. मग मुलाचं एक पोस्टकार्ड आलं. झोपेत गेले, त्रास झाला नाही. त्यानंतरही मी दर जूनमध्ये अर्ज करत राहिलो. माझ्या निवृत्तीच्या आधी, पुष्कळ वर्षांनी, वसतिगृहाच्या जिन्याखाली ती पेटी बसली. ती स्वतः हृदय बघते, काय करायचं ते बोलून सांगते. पोरांना त्यात काही नवल वाटत नाही.

मला कासमभाई आठवतात ते त्यांच्या शेवटच्या शनिवारचे. वर्गाला लांज्याकडची एक पहिल्या वर्षाची मुलगी आली होती, अगदी किरकोळ अंगाची. तिच्याने गोण्याची स्प्रिंग दबेना. ती रडायच्या बेतात होती. कासमभाई तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. "हातांनी नको दाबू. खांदे वर आण, सगळं अंग टाक." तिने अंग टाकलं. 'टक' असा आवाज आला. ते उठले, नळावर तोंड धुतलं, सगळ्यांना 'येतो' म्हणाले आणि फाटकाकडे निघाले. मी पोचवायला गेलो.

एसटी आली. त्यांनी एक पाय पायरीवर ठेवला. मागे मैदानावर ती मुलगी मोठ्याने आकडे मोजत दाबत होती. मोजता मोजता तिला धाप लागली, आवाज बारीक झाला. कासमभाई तसेच थांबले, दांडा धरून, मान वळवून.

"चढा चाचा," कंडक्टर म्हणाला.

"थांब जरा."

तेवढ्यात दुसऱ्या एका मुलीने पुढचा आकडा उचलला. मोजणं तुटलं नाही. कासमभाई वर चढले आणि कंडक्टरने घंटी मारली.